आरशांखालची सहेरी

वीज वाचवायला आकाशात प्रचंड आरसे बसवले, तेव्हापासून श्रीवर्धनला रात्रीचा अंधार उरला नव्हता. पहाट केव्हा फुटते ते डोळ्यांना दिसेना आणि छापील वेळांवर भरवसा बसेना, म्हणून रमजानमध्ये म्हाताऱ्या खातूनबीनं सहेरीचं, म्हणजे पहाट फुटण्याआधीचं खाणंच सोडलं. नकळत उशीर झाला आणि रोजा मोडला तर, ही तिची धास्ती. आठवडाभरात ती पार गळून गेली.

खगोलशास्त्रज्ञ असलेली तिची मुलगी सफिया घरी आली. म्हणाली, "अम्मी, सूर्य क्षितिजाच्या किती खाली आहे ते मला गणितानं कळतं. मी थांब म्हणेपर्यंत खा."

"आणि गणित चुकलं तर?"

"नाही चुकणार."

"मग तूही रोजा ठेव. तुझा विश्वास असला तर माझाही बसेल."

सफियानं कित्येक वर्षांत रोजा ठेवला नव्हता. तिनं गणित पुन्हा एकदा तपासलं आणि आईशेजारी आपलं ताट मांडलं.