चिकटवलेली तुळई

चाळीस वर्षं कोकणात सुतारकाम केलेले कृष्णाअण्णा मुलाच्या वास्तुशांतीला परदेशात, रिकार्टनला आले होते. पांढऱ्या भिंतीवरच्या काळ्याभोर तुळईवर त्यांनी टकटक केलं.

"नितीश, ही तुळई आहे की फळी?"

"फळीच, अण्णा. चिकटवलीये. जुन्या इंग्लिश खेड्यातल्या घरांसारखी. भारबिर काही घेत नाही, नुसती दिसायला."

"शी!" अण्णांना शिसारीच आली. "लाकडानं असलं खोटं बोलावं?"

तेवढ्यात नितीशच्या ऑफिसातली प्राची आली. नितीश घाईघाईनं म्हणाला, "हे माझे वडील. तिकडचे मोठे आर्किटेक्ट."

घट्टे पडलेला तळहात अण्णांनी त्या फळीवर ठेवला.

"आर्किटेक्ट नुसता दिसायला, पोरी. या माझ्या लेकाचा सगळा भार सुतारानंच घेतलाय."