पाठीला बांधायचा डबा

मस्कतला लेकीच्या घरी बाळ आलं आणि तिनं आईवडिलांची विमानाची तिकिटं काढून पाठवली. तेव्हापासून गारखेड्यातले सांडूअण्णा जेवायला बसले की मोबाईल उघडून बायकोला समुद्रात पडलेल्या जुन्या विमानांचे व्हिडिओ दाखवू लागले. कोणतं वादळात सापडलं, कोणाचं इंजिन बंद पडलं, कोणाचा अजून पत्ता नाय, सगळं त्यांना तोंडपाठ झालं होतं. "मला काय नाय, तुझ्याच काळजीनं सांगतो," असंही वर म्हणायचे. सत्यभामाबाई ऐकता ऐकता बाळाच्या दुपट्याला टाके घालत राहायच्या.

निघायच्या दिवशी सत्यभामाबाईंनी तेलाचा रिकामा डबा आणला, झाकण घट्ट लावलं आणि त्याला दोरी बांधली. गावाकडं विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला बांधतात, तसा.

अण्णांचा चेहरा खुलला. शेवटी बायको घाबरली म्हणायची.

"एवढं भ्या वाटतंय तर राहू दे की जाणं," ते मायेनं म्हणाले.



सत्यभामाबाईंनी दोरी त्यांच्या पोटाभोवती फिरवून माप घेतलं. "मला लहानपणापासून पोहता येतं. हा तुमच्यासाठी हाय."