तळाचं विरजण

पावसानं ओढ दिली आणि हिर्डोशीत नाचणी माना टाकू लागली. बाजीच्या पडवीत फुलाबाईनं शेण, गूळ आणि बांधाची माती कालवून ठेवलेलं पिंप तसंच भरलेलं होतं. ती गेली, आणि बायकोच्या हातचं शेवटचं म्हणून त्याच्यानं ते शेताला घालवेना.

शेजारची सोजराबाई म्हणाली, “भावजी, त्यातले जीव मुळाशी ओल धरून ठेवत्यात, तीच सांगायची. उपाशी ठिवून मारताय व्हय त्यास्नी? घाला शेताला. तळाला विरजणापुरतं ठेवा.”

बाजीनं पिंप शेताला घातलं, तांब्याभर मागं ठेवलं आणि गूळ आणायला गेला.

“एकट्याला एवढा गूळ? पावणं आल्यात व्हय?” दुकानदारानं विचारलं.

“न्हाई, घरचीच हायेत. ती गेल्यापासनं उपाशी व्हती.”