मालिका बघणारी पोरगी

आमच्या शेन्झेनच्या बाजारातलं प्रत्येक जुनं ग्राफिक्स कार्ड म्हणे कॉलेजच्या एखाद्या मुलीचं, म्हणजे फारसं न वापरलेलं असतं. या मुली मोजल्या, तर गावात पुरुष उरायचेच नाहीत.

तीन वर्षांची शांघायची नोकरी सोडून नुकत्याच परतलेल्या बायकोला घेऊन मियाव नावाचा गडी गेम खेळण्यासाठी कार्ड घ्यायला आला. नवं बाराशे युआनला, जुनं सहाशेला.

"जुनंच घ्या, भाऊ," दुकानदार म्हणाला. "पोरीने यावर फक्त मालिका बघितल्यात. आईशप्पथ!"

मियावने कार्ड उलटवलं, तर मागे त्याने कोरलेलं स्वतःचंच नाव!

"थापाड्या! हे मीच विकलेलं माझं कार्ड. तीन वर्षं माझ्या घरात रात्रंदिवस क्रिप्टोची नाणी काढत होतं!"

दुकानदार वरमला. बायको मात्र मियावकडे बघत होती.

"आणि मालिका बघणारी पोरगी कोण रे?"