मानाची खुर्ची

"मास्तर, त्या खुर्चीवर तुम्हीच बसायचं. मी काय ऐकणार नाय!" सगीरा हट्टालाच पेटली होती.

फुलंब्रीच्या घरात बद्रीनाथ मास्तर नुसतेच हसत होते. गणितात डॉक्टरेट मिळवणारी छावणी मोहल्ल्यातली पहिली मुलगी, सगीरा, उद्या प्राध्यापिका म्हणून निवृत्त होत होती. कॉलेजात सत्कार होता, आणि तिच्या शेजारी एकच मानाची खुर्ची मांडायची होती. गुरूची.

"पोलीस ॲक्शननंतरच्या धास्तीनं अब्बांनी माझी शाळा बंद केली. तुम्ही नसतात, तर मी जन्मभर भाकऱ्याच थापल्या असत्या."

"मी फारूखला शिकवायला यायचो, पोरी."

"आणि पडद्याआड कोण बसायचं? आवाज चढवून कुणासाठी सांगायचात, मला कळत नव्हतं व्हय?"

खरंच होतं ते. पडद्याच्या अलीकडं मोठा भाऊ फारूख, पलीकडं सगीरा. शिकवणी त्याची, पण बीजगणित उतरलं हिच्या डोक्यात. फारूख मॅट्रिकला गणितात आपटला, पुन्हा आपटला. अब्बा त्याला बदडायचे आणि परत मास्तरांनाच बोलवायचे. शेवटी मास्तरांनी अब्बांना कसंबसं राजी केलं आणि सगीरानं बाहेरून मॅट्रिक दिली. गणितात अशी चमकली की सगळी छावणी बघत राहिली.

फारूख पुढच्या खेपेला पास झाला खरा, पण तोवर अब्बांचा धीर सुटला होता. त्यांनी त्याला सायकलच्या दुकानात बसवलं. आत्ताही तिला स्कूटरवर घेऊन तोच आला होता आणि अंगणातच थांबला होता.

"भाई, आत ये की!"

"नको, इथंच बरंय."

"अजून घाबरतो बघा तुम्हाला," सगीरा हसली. "आमच्या घरचं सगळं गणित अल्लानं मला एकटीलाच दिलं!"

"उद्या तो कुठं बसणार?"

"बसेल मागं कुठंतरी. तो कुठं मनावर घेतो?"

मास्तरांचं हसू मावळलं. "मग मी नाय येत."

"असं नका करू हो, मास्तर." सगीराचे डोळे भरून आले. "तुमचे लई उपकार आहेत माझ्यावर. एकदा चारचौघांत सांगू तरी द्या."

मास्तरांनी अंगणातल्या फारूखकडं पाहिलं.

"त्यानं मला कुणाला न सांगायची शपथ घातली होती. पण दुसऱ्याच्या खुर्चीत बसणं मला या वयात जमायचं नाय. तुझा मॅट्रिकचा निकाल लागला ना, त्या दिवशी तो पेढे घेऊन आला होता. म्हणाला, 'मास्तर, आता मी पास झालो तर चालंल ना?'"