शेवटची नोंद

नव्या सुरक्षा यंत्रानं जुन्या नोंदींची प्रत घ्यायला दुसऱ्यांदा नकार दिला, तेव्हा परेश मागून म्हणाला, "राहू दे ना मॅडम. नुसती सेटिंग भरा आणि दारं चालू करून द्या. जुना डेटा कशाला हवाय आता?"

"पत्रात दोन्ही लिहिलंय," यंत्र बसवायला आलेली नेत्रा म्हणाली. पत्र तपासणी अधिकाऱ्यांचं होतं.

खाडीकाठच्या त्या बर्फाच्या कारखान्यात बारा दिवसांपूर्वी, भरदुपारी अमोनियाचा पाइप फुटला होता. मशीन चालवणारा तुळशीराम आतच दगावला. बर्फ भरणारे तिघे बाहेर भिंतीशी बेशुद्ध सापडले. शुद्धीवर आल्यावर, बाहेर कसे पोचलो ते त्यांच्यातल्या एकालाही सांगता येईना. येण्याजाण्याची नोंद ठेवणारं सुरक्षा यंत्र बंबाच्या पाण्यात भिजून मेलं होतं. उरली ती मॅनेजर परेशची जबानी. मी आतच होतो, तुळशीराम झोपला होता, हाका मारल्या, उठला नाही, शेवटी मी जीव घेऊन पळालो.

गावानं ते मानलं. बर्फाविना बोटी किनाऱ्याला लागून होत्या, कुणावर तरी खापर फुटायलाच हवं होतं. तुळशीरामची बायको केसर सकाळपासून ऑफिसच्या पायरीवर बसली होती. नेत्रा आत शिरताना तिनं विचारलं होतं, "बाय, त्या डब्यात माजा माणूस झोपलेला दिसंल काय?"

दिसणार काहीच नव्हतं. कॅमेऱ्यांची चित्रं यंत्राबरोबरच गेली होती. दारांच्या नोंदी तेवढ्या दर दहा मिनिटांनी नेत्राच्या कंपनीच्या अलिबागच्या ऑफिसात आपोआप जात. शेवटची प्रत साडेबाराची होती. पाइप फुटला सव्वाबाराला.

दोष प्रतीत नव्हता. नवं यंत्र नव्या आवृत्तीचं होतं, त्याला जुनी प्रत ओळखू येत नव्हती. नेत्रानं त्याच्यावर आधी जुनीच आवृत्ती चढवली. मग सेटिंग भरली, म्हणजे कुठलं कार्ड कुणाचं ते यंत्राला कळलं. मग डेटा. हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकत राहिली. परेश दोनदा बाहेर जाऊन आला.

नोंदी उघडल्या. प्रत्येकाचं कार्ड गळ्यात असे. ते दारातून गेलं की नोंद आपोआप होई, आणि आत कोण राहिलंय त्यांची नावं दाराशेजारच्या पडद्यावर दिसत.

बारा सोळा. विठोबा बाहेर, तुळशीराम बाहेर. त्याच मिनिटाला तुळशीराम आत.

बारा एकोणीस. अंबाजी बाहेर, तुळशीराम बाहेर. पुन्हा तुळशीराम आत.

बारा तेवीस. विपुल बाहेर, तुळशीराम बाहेर.

नेत्राचा हात माउसवर थांबला. तिघांना ओढून काढून तो मोकळ्या हवेत उभा होता. तो जिवंत होता. नोंदींवरून एक मिनिट तो दाराशी थांबलेला दिसत होता. खोकत असेल, पडद्याकडे बघत असेल.

बारा चोवीस. तुळशीराम आत.

त्यापुढे एकही नोंद नव्हती.

ती उठली, दार उघडलं आणि केसरला आत बोलावलं. एकेक ओळ बोटानं दाखवत तिनं वाचून काढली. केसर खुर्चीवर बसली नाही. पदर तोंडाशी धरून उभीच राहिली.

"झोपला नव्हता तो," नेत्रा म्हणाली. "तीनदा बाहेर आला होता."

"मंग परत आत कशाला गेला?"

तो शेवटचा आत शिरण्याआधी दाराशेजारच्या पडद्यावर काय दिसत होतं, ते नेत्रानं नोंदींतून उघडलं. त्यावर एकच नाव होतं. परेशचं. त्याचं कार्ड सकाळी नऊला आत गेलं होतं, ते बाहेर आलंच नव्हतं.

"तुम्ही पळून बाहेर आलात, तर नोंद कुठंय?" नेत्रानं विचारलं.

परेशचा चेहरा उतरला. "मी अलिबागला गेलो होतो," तो कसाबसा म्हणाला. "मालकांना हजर दिसावं म्हणून... कार्ड आतल्या टेबलाच्या खणात ठेवून गेलो होतो."

केसरनं पदर खाली घेतला.

"म्हंजे माजा माणूस," ती म्हणाली, "एका कार्डाला वाचवाय गेलता."