मनकर्णाबाईसाठी प्रार्थना

जेवणवेळ टळून गेली तरी मनकर्णाबाई आली नाही, तेव्हा सत्यवती दोनदा फाटकापर्यंत जाऊन बघून आली. चर्चच्या हॉलमध्ये दोन्ही कुलर घरघरत होते, माठ भरलेला होता, सतरंज्या अंथरलेल्या होत्या, आणि त्यांच्यावर बसायला कोणी नव्हतं. गेला आठवडाभर मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या जेवणं उरकली की इथं येऊन पडायच्या. अकोल्याचं मे महिन्याचं ऊन आणि त्यांची टिनाची घरं, यांतून सुटका म्हणजे हा जुना दगडी हॉल. तो सगळ्या गल्लीसाठी उघडा ठेवायचा हट्ट सत्यवतीचाच. पाळकांची बायको असूनही त्यासाठी तिनं मंडळीतल्या चारचौघांशी उभा दावा मांडला होता.

तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि भर उन्हात गल्लीत शिरली.

मनकर्णाबाईचा मुलगा देवीदास दारातच बसला होता. भाजीच्या गाडीवरच्या पालकाच्या जुड्यांना पाणी मारून मारून तो त्या जगवत होता. तिला बघून तो उठला नाही.

“देवीदासभाऊ, माय काहून नाई आली आज?”

“नाई येनार.”

“बरं नाई काय तिले?”

“हाये तशीच हाये. पन काल तुमी भोंग्यावर तिचं नाव घेतलं.”

सत्यवतीच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. रविवारच्या उपासनेत कोणासाठी प्रार्थना करायची ते पाळक विचारतात, आणि माणसं जागेवर उभं राहून आजाऱ्यांची नावं सांगतात. लहानपणापासून ती हेच बघत आली होती. ज्याच्यावर जीव, त्याचं नाव. काल ती स्वतःच उभी राहिली आणि म्हणाली, मागच्या गल्लीतल्या मनकर्णाबाई, दम्यानं बेजार आहेत. सगळी मंडळी आमेन म्हणाली. खिडक्या उघड्या होत्या, माईक चालू होता, आणि यात कोणाचं काही बिघडेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं.

“तिच्या दम्यासाठी प्रार्थना केली, भाऊ. दुसरं काई नाई.”

“मले समजते. गल्लीले समजत नाई.” तो हळू बोलत होता. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं. “माह्या वर्षालीची सोयरीक जुळून राहिली धामणगावले. सकाळीच त्याईचा फोन आला, म्हातारी बाटली काय म्हनून. मी काय सांगू?”

“मी सांगतो त्याईले. म्हनान तं धामणगावले येतो.”

“तुमी? तुमी गेल्या तं झालंच मंग.”

आतून धाप लागलेला आवाज आला. “येतो वं बाई मी. थांबा जराशा, लुगडं नीट करतो.”

“चूप बस, माय,” देवीदास मागं न बघता म्हणाला. “दोन रोज काढ कसे तरी. सोयरीक पक्की होऊ दे, मंग जाय जिकडं जायचं तिकडं.”

सत्यवतीनं आत डोकावलं. तापल्या टिनाखाली म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. डोक्यावर ओलं फडकं, तोंड उघडं. देवीदासचा राग यायला हवा होता, पण सत्यवतीला राग आला तो स्वतःच्या जिभेचा. आपण हटून बसलो तर पोरीचं लग्न मोडेल, या विचारानं ती माघारी वळली. शेजारच्या दारांतून बघणाऱ्या बायका तिची नजर गेली की आत सरत होत्या.

मंगळवारी दुपारी भाजीची गाडी चर्चच्या फाटकातून आत आली. वर चादरीखाली मनकर्णाबाई होती. देवीदासबरोबर गल्लीतले दोघे-तिघे होते.

“सकाळी गेली,” देवीदास म्हणाला. “माही बहीन मोर्शीवरून निघाली हाये. तिनं तोंड पायल्याबिगर नेता येत नाई. घर लय तपते, बाई. तवरोक इथं ठेवू काय?”

“अन् लोक?” सत्यवतीनं विचारलं.

“मेलेल्या मानसाले कोन बाटवते?”

तिनं हॉलचं दार सताड उघडलं आणि कुलरचं तोंड म्हातारीकडं फिरवलं. मागोमाग गल्लीतल्या बायका रडत आल्या आणि भोवती बसल्या. इतक्या बायका या हॉलमध्ये एकदम कधीच आल्या नव्हत्या. हळूहळू रडणं ओसरलं. मोर्शीची एस्टी काही येईना, आणि तोवर घरी जाऊन यावं म्हणून एकही बाई उठली नाही. शेजारच्या पार्बताबाईनं दगडी भिंतीला पाठ टेकली, पाय लांब केले आणि डोळे मिटले.

“थंड हाये वं बाई इथं,” ती म्हणाली.